लोणी देणारी गाडी

रविवारी सकाळी साडेसातला तमिळ मुलखातल्या तांबरमच्या एका गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे जमले होते गुरुमूर्ती रावांच्या दारातल्या तीस वर्षं जुन्या पांढऱ्या मोटारीच्या दर्शनाला. मोटारीला झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं, काचेवर विभूतीचे तीन पट्टे. दसऱ्याची आयुधपूजा होऊन महिने लोटले होते, तरी गाडीचा थाट बोहल्यावरच्या नवरीचा.

राव पिढ्यान्पिढ्या इथले, तरी घरी जुन्या वळणाची मराठी बोलणारे. रुचिरा त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. मूळची कऱ्हाडची; इथल्या एका मोटार कारखान्यात इंजिनं तपासायचं काम करायची. सहा दिवस इंजिनांचा धूर खायचा आणि सातव्या दिवशी ताणून झोपायचं, एवढीच तिची साधना. ती मोडली म्हणून चरफडतच ती खाली उतरली.

"वाहनाला तहान लागली होती!" चंद्रमौळी सामी नावाचे बुवा तमिळमध्ये गरजले. रुचिराला आता तेवढं तमिळ कळत होतं. सामींच्या अंगावर भगवी लुंगी, बोटांत सात अंगठ्या आणि नखांच्या कडांना काळी रेघ. जप करून अशी रेघ उमटत नाही, हे रुचिराला पक्कं ठाऊक होतं. ते ग्रीस होतं.

"काल मी माझं हिरवं तीर्थ काठोकाठ पाजलं. आज बघा!" सामींनी रेडिएटरचं झाकण उघडलं. पातळी वीतभर खाली. "जमिनीवर थेंब तरी आहे का? प्यायली! सगळं प्यायली!"

बायकांनी हात जोडले. रावांनी किल्ली फिरवली. मागून पांढऱ्याशुभ्र धुराचा लोट आला आणि गल्लीभर गोडसर वास पसरला.

"सक्करै पोंगल! गोड भाताचा वास!" एकजण ओरडला.

"छे छे, कैलासातला धूप!" दुसऱ्यानं दुरुस्ती केली. त्याचं कैलासाला कधी जाणं झालं होतं, ते कोणी विचारलं नाही.

मग शंखनाद झाला, म्हणजे सामींनी हॉर्न तीनदा दाबला. जुना, कर्कश हॉर्न. कबुतरं उडाली, लोकांनी कान झाकले. रावांची चार वर्षांची नात श्रीरंजनी तेवढी पाठमोरी बसून पायरीवर खडूनं कोलम, म्हणजे रांगोळी, काढत राहिली.

सामींनी तेलाचं झाकण फिरवून उलटं धरलं. आत घट्ट, पिवळसर पांढरा गोळा. "लोणी! पाणी पिऊन लोणी देणारी ही कामधेनू! एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस, रोज हे पाप्पाच्या, या लेकराच्या, जिभेवर ठेवा. वाचा फुटेल. मंडल संपलं की गाडी मठाला द्या."

रावांनी चांदीचा चमचा भरला. रुचिराची झोप खाडकन उडाली. ती पुढे झाली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"मामा, हे पोटात जाता कामा नये. विष आहे!"

"तूं मध्यें नोको येऊं, रुचिरा." आवडी गावातल्या कारखान्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला तो शिस्तीचा माणूस; त्यांचा आवाज फुटला. "आईबापानं विश्वासानं आम्हांपाशी ठेवली पोर. चार वर्सांची झाली, मज अजून ताता, आजोबा म्हणली नाहीं. काय करूं मी?"

रुचिराला त्यांची दयाच आली. मग तिनं चमचा त्यांच्या हातून काढून सामींपुढे धरला. "पहिला प्रसाद गुरूंचा. घ्या."

सामी दोन पावलं मागे सरकले. "आज माझा एकादशीचा उपास."

"एकादशी काल झाली," रावांच्या पत्नी अलमेलू मामी दारातून म्हणाल्या. देवाधर्मात सगळ्यांत पुढे असलेल्या मामी. "मी काल दिवसभर उपाशी होतें. सैंपाकघरांत पंचांग लटकतें. आणूं?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. रुचिरानं धावत वर जाऊन कारखान्याच्या पिशवीतून एक बाटली आणि काचेची नळी आणली. नळीत बाटलीतलं निळंशार पाणी ओतलं. ती तिनं शेजाऱ्यांच्या चालू गाडीच्या रेडिएटरच्या तोंडावर धरली आणि रबरी फुगा दाबून आतली हवा खेचली. पाणी निळंच राहिलं. मग रावांच्या गाडीवर धरली. मिनिटभरात पाणी पिवळं झालं. लोकांचे हात पुन्हा जोडले जाऊ लागले.

"अहो, हात खाली घ्या!" रुचिरा वैतागली. बाटलीत उरलेलं निळं पाणी तिनं पेल्यात ओतलं आणि स्ट्रॉनं त्यात फुंकत राहिली. तेही पिवळं झालं. "आपण जो वायू उच्छ्वासातून सोडतो, तोच पेट्रोल जळल्यावर निघतो. तो या गाडीच्या पाण्यात घुसलाय. मामी, कुकरची रिंग झिजली की काय होतं?"

"वाफ बाजूनं पळते."

"इंजिनातही तशी एक रिंग असते, हेड गॅस्केट. आग, पाणी आणि तेल वेगळं ठेवते. ती फाटली की पाणी आगीत जातं, त्याचा हा पांढरा धूर. तेच पाणी तेलात घुसळलं जातं, त्याचं हे लोणी. आणि तीर्थ म्हणजे बाजारात मिळणारं कूलंट. गोड लागतं, पण मूत्रपिंडं निकामी करतं."

राव खाली बसले. "मेकॅनिक म्हणाला होता, इंजिन उघडावें लागेल म्हणून. तेव्हां हे सामी तिथेंच उभे होते. माझ्या मागोमाग आले."

सगळ्यांनी सामींकडे पाहिलं. सामी शेअर ऑटोत चढत होते. झोळी इथेच राहिली होती. तिच्यात लेबल खरवडलेले दोन हिरवे डबे निघाले.

रुचिराला मात्र मघापासून दुसरंच काही टोचत होतं. "मामा, हॉर्न वाजवा एकदा."

रावांनी वाजवला. सगळे दचकले. रंजनी पाठमोरी कोलम काढत होती. राव दाबत राहिले, पुन्हा, पुन्हा. तिनं मान वळवली नाही. मामींनी तोंडावर पदर घेतला. इतके दिवस सगळं घर त्या गाडीकडे बघत होतं.

सोमवारी ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं, म्हणून पोरीला ऐकू येत नव्हतं. छोटी शस्त्रक्रिया झाली, मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे रोजच्या फेऱ्या. त्यात मंत्र नव्हता, नुसती चिकाटी होती. गाडीचं गॅस्केटही बदललं. धूर गेला, लोणी गेलं आणि भक्त तर त्याआधीच गेले.

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी झाकण उघडून बघावं आणि जाणत्याला विचारावं. देव असलाच तर त्याला राग यायचं कारण नाही. पण लेकराच्या जिभेवर काही ठेवण्याआधी हे करायलाच हवं.

सहा महिन्यांनी एका सकाळी रावांनी गाडी बाहेर काढताना उगाचच हॉर्न दाबला. पायरीवरून रंजनीनं दोन्ही कान गच्च झाकले आणि त्यांच्याकडे वळून ओरडली, "ताता, पोदुम!"

आजोबा, पुरे! राव गाडी तिथेच बंद करून रडायला लागले.