धाकटीला आलेली पत्रं

साऱ्या मनुष्यजातीत निःपक्षपाती वाचक एकच, आणि तो म्हणजे आपण, असं निवृत्त उपसंपादकांचं ठाम मत होतं. ह्या मताला अजून दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळालेला नव्हता.

चाळीस वर्षं त्यांनी वार्ताहरांच्या बातम्या लाल पेन्सिलीने सोलून काढल्या. 'नेहमी', 'कधीच' दिसलं की गोल. विशेषण दिसलं की 'पुरावा?'. एकाच्याच तोंडची हकिगत असली की समासात 'दुसरी बाजू?'. हाताला वळण लागलं ते लागलंच. औषधाच्या बाटलीवरच्या 'गुणकारी'लाही त्यांनी एकदा पुरावा मागितला होता.

बायको जाऊन सहा महिने झाले आणि तिची धाकटी बहीण पिशवीभर पत्रं घेऊन आली.

"भावोजी, ताईने मला लिहिलेली आहेत. वाचायची तर वाचा, नाहीतर परत नेते."

"न वाचता परत? चाळीस वर्षं काय भाजी निवडली मी?"

"निवडली असती तर बरं झालं असतं," म्हणत धाकटी समोर बसली.

पहिल्याच पत्रात होतं: 'हे माझ्याशी कधीच बोलत नाहीत.' पेन्सिल आपसूक चालली. गोल. 'तापाचा आज चौथा दिवस. ह्यांनी विचारलं, चहाला उशीर का.' समासात: 'दुसरी बाजू?'

"एकतर्फी आहे हे सगळं."

"मग आणा की दुसरी. रोजनिशी लिहायचात ना तुम्ही?"

आणली. कपाटातून त्या वर्षीची वही काढून तारीख लावली. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होतं: 'चहा पुन्हा उशिरा. अग्रलेख उत्तम साधला.' तापाचा पत्ता नाही. ते चार पानं मागे गेले, चार पुढे. तिचाच पत्ता नव्हता. दुसऱ्या एका पत्रात ती गाण्याच्या परीक्षेत पहिली आली होती, त्या दिवशीची ह्यांची नोंद: 'घराला कुलूप. किल्ली शोधावी लागली.' दर वेळी दुसरी बाजू हजर व्हायची आणि पहिलीच्याच वतीने साक्ष देऊन मोकळी व्हायची.

त्यांनी खोडरबर घेतलं आणि एकेक गोल पुसायला लागले. लाल पेन्सिल धड पुसली जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुसायची वेळच कधी आली नव्हती.

शेवटचं पत्र आजारपणातलं, वेड्यावाकड्या अक्षरातलं. 'एक मात्र खरं, ह्यांचा माझ्यावर फार जीव आहे. दाखवता येत नाही, इतकंच.'

तोवर साऱ्या वह्या चाळून झाल्या होत्या. तिची बाकी ओळ न् ओळ खरी निघाली होती. कशाचाच आधार नसलेलं असं हे एकच वाक्य. पेन्सिल त्यावर येऊन अडली.

"जीव होता गं माझा."

"असेल की," धाकटी म्हणाली. "कुठे लिहिलंय?"

उपसंपादकांनी शेवटची वही पुन्हा उघडली. पण अक्षर दिसेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

"भावोजी," पत्र हळूच आपल्याकडे ओढत धाकटी म्हणाली, "रडायचं तर खुशाल रडा. पण जरा मागे सरकून. शाईची पत्रं आहेत."