दोघींची अंगठी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची अंगठी आहे. पुरती गोल मात्र नाही. माझी दोन टोकं एकमेकांजवळ येऊन थांबतात, त्यामुळे बोटाप्रमाणे मला सैल किंवा घट्ट करता येतं. माथ्यावर ओपलचा खडा आहे, खाणीतून निघालेला, खराखुरा. दिसतो दुधी, पण उजेडात धरलात की आतून हिरवा नि केशरी चमकतो. काही झालं तरी त्याला सोडायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. हट्टी म्हणा हवं तर.

मला एका कारागीर बाईने शिंपीणबाईंसाठी घडवलं. दिवसभर कात्री चालवून त्यांची बोटं संध्याकाळी सुजायची, मग कुठलीही अंगठी रुतायची. मला हळूच फाकवून पाहत त्या म्हणाल्या, "ही बरी माझं ऐकते. घरात कुणीतरी ऐकणारं हवंच होतं."

वर्षं सुखात गेली. मग घरात सून आली. ती दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घ्यायची. बोटं अगदी काडीसारखी. सासूबाईंनी मला तिच्या बोटात सरकवलं. "दिवसा तू घाल, संध्याकाळी मी घालीन."

इथेच तर घोडं पेंड खातं. रोज सकाळी मला दाबायचं, रोज संध्याकाळी फाकवायचं. कौतुक दोघींचं, हाल माझे. चांदी तरी किती सोसणार? खड्याजवळ बारीक चीर पडली. तरीही मी महिनाभर तग धरला.

एका सकाळी सुनेने दाबलं आणि मी मोडले. सासूबाई आत मशीनवर होत्या. तिने मला रुमालात गुंडाळलं आणि तडक कोपऱ्यावर नेलं. तिथे एक माणूस फुटक्या भांड्यांना नि बादल्यांना डाग देऊन सांधत बसायचा.

"अर्ध्या मिनिटाचं काम," म्हणत त्याने ज्योत पेटवली.

"खडा आधी काढणार ना?"

"खड्याला काय होतंय? दगडच तो."

मित्रांनो, ओपलच्या पोटात थोडं पाणी असतं. ज्योतीने तो तडकला असता. मी जीव मुठीत धरून होते. सून माझ्याकडे बघत राहिली. डाग दिला तर घरी कुणाला काही कळणार नव्हतं. पण खडा गेला तर तो परत कुठून आणायचा?

"राहू द्या," ती म्हणाली. "तशीच घरी नेते."

चपला न काढताच ती मशीनपाशी गेली. "आई, माझ्या हातून अंगठी मोडली. आणि मी ते लपवणार होते."

मशीन थांबलं. सासूबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"चीर मला महिन्यापूर्वीच दिसली होती," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तू घालायचीच सोडली असतीस. म्हणून गप्प बसले."

दोघी मिळून कारागीर बाईकडे गेल्या. तिने आधी खडा काढला, मग मला जोडलं, आणि जोडता जोडता दोघींनाही भरपूर बोलणी ऐकवली. आता मी एक महिना सुनेकडे असते, एक महिना सासूबाईंकडे. जोड अजून दिसतो, पण पक्का आहे.

मित्रांनो, मला मोडणारी माणसं वाईट नव्हती. एकीने चीर लपवली, दुसरी मोडल्याचं लपवायला निघाली होती, आणि दोन्ही प्रेमापोटी. तुम्ही असं प्रेम करू नका. चीर दिसली की त्याच दिवशी सांगा.