उभं कधी राहायचं?

घाटकोपर पूर्वेच्या खडक, म्हणजे रॉक, श्रवण मंडळात गिटारचा सोलो सुरू झाला की उभं राहायचं असतं. डोळे मिटून, हात पाठीमागे बांधून, सोलो संपेपर्यंत. आरतीला उशिरा आलेला माणूस एक वेळ चालतो, सोलोला बसून राहिलेला चालत नाही. बाकीचे नियमही असेच कडक: मोबाइल स्टीलच्या डब्यात, तोंड बंद, आणि एकदा लावलेला अल्बम शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकल्याशिवाय कोणीही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सदस्य चार. बँड चौघांत होतो तर ऐकणंही चौघांत व्हायला हवं, असं अध्यक्ष अनिरुद्ध म्हणायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी केस वाढवायला घेतले होते आणि मागे जी काही शेंडी जमली होती तिला ते पोनीटेल म्हणत.

त्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मंडळ जमलं तेव्हा चौघांतल्या सहदेवने जो अल्बम आणला तो रॉकचा नव्हता. त्याच्या मुलीचा, निधीचा होता आणि चक्क हिपहॉप होता.

सहदेवला हौस नव्हती, गरज होती. गणपतीत पाहुण्यांसमोर निधीने आपलं एक रॅप म्हणून दाखवलं, तेव्हा हा पटकन बोलून गेला, "हे गाणं नाही गं, नळावरचं भांडण आहे." सगळे हसले. निधी हसली नाही. "अल्बम करतेय मी. तो पूर्ण ऐकाल तेव्हाच माझ्याशी बोला, पप्पा. तोपर्यंत मीही बोलणार नाही." चार दिवसांत येईल ताळ्यावर, असं सहदेवला वाटलं. पण पोरगी हट्टाला त्याच्यावरच गेली होती. दोन खोल्यांत तीन माणसं, आणि बापलेकीत एक शब्द नाही. सहदेवच्या सकाळच्या मोरीतल्या गुळण्या सोडल्या तर घरात त्याचा आवाज म्हणून उरला नव्हता. "तिला सांग, पंखा कमी कर," असं तो बायकोला सांगायचा आणि पंख्याचं बटण निधीच्या हाताशी असायचं. शेवटी सुलक्षणा वैतागली. "माका मधी घालू नकात. तुमचा तुमी बघा."

अल्बम आला. नाव 'डंपिंग', लांबी जवळजवळ दोन तास. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर फेकलेली एकेक वस्तू एकेक गाणं म्हणते, अशी त्याची रचना. सहदेवने मरोळच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कानात घालून तो अनेकदा लावला. प्रत्येक वेळी तिसऱ्या गाण्यापर्यंत तो गिटार शोधायचा, चिडायचा आणि बंद करायचा. पोरीच्या आवाजाला तो आसुसला होता. तो आवाज दोन तासांचा खिशात होता आणि त्याच्याच्याने ऐकवत नव्हता. मग त्याला मंडळाचा नियम आठवला. एकदा लावला की सुटका नाही. त्याला तेच हवं होतं.

अनिरुद्धांच्या निरोपावरून निधी स्वतः लॅपटॉप घेऊन आली. "मी इथेच बसणार, काका. लबाडी नको," ती अनिरुद्धांना म्हणाली. बापाकडे तिने पाहिलंही नाही.

पहिल्या गाण्यात मिक्सरच्या तडकलेल्या भांड्याने सासू-सुनेची सगळी कर्मकहाणी सांगितली. चौघेही खुर्चीच्या कडेला, गुडघे तयार. सोलो आला नाही. दुसऱ्यात कचऱ्याची गाडी मागे येतानाचा पीप पीप आवाज होता, त्यावर औषधाच्या दुकानाचा मालक धवल अर्धा उठला आणि ओशाळून बसला. तिसऱ्यात अनिरुद्धांनी नुसतंच एक पाऊल पुढे टाकून ठेवलं. उभं राहायचं कधी, हेच कुणाला कळेना, आणि विचारायचं तर तोंड उघडायला बंदी. सहदेवला घाम फुटला. त्याने मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं, दोन मिनिटं का होईना, पण गिटार पाठव.

मग कवळीचं गाणं आलं. म्हातारी गेल्यावर फेकून दिलेली कवळी, आणि तिच्यात अडकून राहिलेल्या म्हातारीच्या शिव्या. मुकुल दातांचा डॉक्टर. तो ताठ बसला. हिरडी, दाढ, मसाल्याची सुपारी, सगळं यमकात चपखल बसलेलं ऐकून त्याने कपाळाला हात लावला आणि डोळे पुसले. उडालेल्या ट्यूबलाइटच्या गाण्याला धवल खुदकन हसला. अनिरुद्धांची मान हलायला लागली, मागे शेंडीही. गिटार शोधायचं सोडून सहदेवही आता शब्दांमागे धावत होता. दमछाक होत होती, पण सोडवत नव्हतं. ही आपली पोरगी? हे सगळं तिने कधी पाहिलं?

शेवटचं गाणं होतं मोरीच्या जुन्या दाराचं. ते दार सहदेवनेच दिवाळीत बदललं होतं. दार सांगत होतं, माझ्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोघं एकाच हट्टाची. मग शब्द थांबले. खालून एक गुरगुर उठली, थरथरत वर चढली, वळली, घुमली, तुटता तुटता पुन्हा उचलली गेली.

अनिरुद्ध ताडकन उभे राहिले. मुकुल उठला. "आयला, काय गिटार आहे!" धवलने नियम मोडला आणि तोही उठला.

सहदेव उठता उठता थबकला. ती गिटार नव्हती. त्या गुळण्या होत्या, त्याच्या स्वतःच्या, मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या. तो मटकन खाली बसला. समोर तीन प्रौढ माणसं काळ्या टीशर्टात, डोळे मिटून, त्याच्या घशापुढे उभी होती. शेवटी एक जोरदार 'आऽऽक् थू' आलं आणि अल्बम संपला.

"सोलोला बसलास?" अनिरुद्ध कडाडले. "आणि वाजवलंय कोणी हे? हात आहे की काय!"

"ह्यांनी," निधीने सहदेवकडे बोट दाखवलं. "गुळण्या आहेत त्या."

मुकुलने डॉक्टर या नात्याने घसा चांगला असल्याचा निर्वाळा दिला. "आपण उभे राहिलो," अनिरुद्ध शेवटी म्हणाले. "म्हणजे सोलो आहे. मंडळाला मान्य."

सहदेवने अल्बम पूर्ण ऐकला होता. आता त्याला बोलायचा हक्क होता, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं सोडून तोंडातून भलतंच आलं. "गुळण्याच का गं?"

"दुसरा कुठला आवाज होता तुमचा घरात?" निधी म्हणाली. "रोज मोरीच्या दाराबाहेर फोन धरून उभी राहायचे मी, पप्पा."

नेमकं तेव्हाच अनिरुद्धांना त्या गुळण्या लाइव्ह ऐकायच्या होत्या. ते तर पुन्हा हात पाठीमागे बांधून तयारच.

"पाणी कोमट करून आणते," निधी उठली. दारात वळली. "मीठ किती?"

सहदेवला ते झोपेतही सांगता आलं असतं.

"आठवत नाही गं," तो म्हणाला. "तूच सांग. सावकाश सांग."