बिनचुन्याचं पाणी

भगवानरावांचा संघदीपवरचा संशय पक्का व्हायला एक साधी गोष्ट पुरली होती. पोरगा आपलं पाणी वेगळं ठेवायचा.

यवतमाळच्या त्या कॉलेजात भगवानराव तीस वर्षं शिकवत होते आणि संघदीप त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. दोघं मिळून एक प्रथिन घडवत होते. जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन घ्यायचं, त्याला कॅल्शियम पकडणारा तुकडा जोडायचा आणि त्याचा जीन जिवंत पेशीत घालायचा. मग पेशीत कॅल्शियम वाढलं की ती आतून हिरवी उजळते. मागच्याच हंगामात, २०१७ साली, कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात माणसं विषबाधेनं गेली होती. संघदीपचे वडील उकंडा फवारणीच्या मजुरीला जायचे. ते वाचले, पण त्यांचे हात अजून थरथरत होते. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळली तर मज्जापेशीत नेमकं काय होतं, हे संघदीपला त्या हिरव्या उजेडात डोळ्यांनी बघायचं होतं.

त्यासाठी प्रथिनात एकेक बदल करत त्यानं साठ नमुने बनवले. परीक्षा सोपी होती. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात नमुना अंधारा राहायला हवा, आणि कॅल्शियमचा थेंब पडला की उजळायला हवा. त्या द्रावणाला तिथं सगळेच 'बिनचुन्याचं पाणी' म्हणत. संघदीपच्या वहीप्रमाणे एक्केचाळीस नंबरचा नमुना आधी काळाकुट्ट आणि थेंब पडताच झगझगीत. भगवानरावांनी आपल्या बाटलीतलं पाणी घेऊन स्वतः करून पाहिलं, तर हे महाशय बिनचुन्याच्या पाण्यातच उजळून बसलेले! तीनदा केलं, तीनदा तेच.

झालं, मनात पाल चुकचुकली. आणि भगवानरावांच्या मनातली पाल एकदा बोलायला लागली की गप्प बसायची नाही. मग त्यांना सगळंच दिसू लागलं. याच्या बाटल्या वेगळ्या खोक्यात कशाला? त्यावर स्वतःचं नाव कशाला? आपण आत आलो की हा झाकणं का लावतो? आमच्या पाण्याला काय झालं, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. पोरगा खाली बघून 'काही नाही' म्हणाला. लपवाछपवी नाही तर दुसरं काय! त्यांनी प्राचार्यांना पत्र दिलं की आकडे बनावट आहेत, फेलोशिप बंद करावी. मंगळवारी तीन वाजता समिती बसणार होती. एकदा बनावट आकड्यांचा शिक्का बसला की संघदीपला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नव्हती.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर भगवानराव नेहमीसारखे बेसिनपाशी उभे राहून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू आणि वरून बोटभर चुना. शेजारी हंसाबाई काचेची भांडी धूत होती. मनातला राग कुणाजवळ तरी ओकायचा म्हणून ते तिला म्हणाले, "पाहा हंसाबाई, तो पोट्टा मले चुना लावून राह्यला."

हंसाबाईनं हातातली बाटलीही खाली ठेवली नाही.

"नाही सर, चुना तं तुमच्याच हाताचा राह्यते. तुमच्या बाटलीचं तोंड मले रोज लिंबानं घासा लागते. तो पोट्टा तं खर्रा खातच नाही."

बाईला बोलण्यातली खोच कळली नाही म्हणून भगवानराव हसले. मग हसता हसता थांबले. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. चुना म्हणजे कॅल्शियम, हे ते तीस वर्षं पोरांना शिकवत आले होते. हातमोजे मात्र शिकाऊ पोरांसाठी असतात, असंही तीस वर्षं म्हणत आले होते.

त्यांनी दोनदा साबणानं हात धुतले, हातमोजे घातले, संघदीपच्या खोक्यातली बाटली घेतली आणि एक्केचाळीस नंबर लावला. अंधार. मग कॅल्शियमचा एक थेंब सोडला आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळ वर गेली. इतकं सुंदर काम त्यांच्या हाताखाली आजवर झालं नव्हतं, आणि त्यालाच ते खोटं ठरवायला निघाले होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तीनला पाच मिनिटं होती. संघदीप समितीच्या खोलीबाहेर बाकावर फाईल घेऊन बसला होता. भगवानराव त्याच्यापुढे उभे राहिले.

"चुन्याचं तुले माहीत होतं?"

"हो सर."

"मंग काहून नाही सांगतलं?"

संघदीपनं फाईलची दोरी बोटाला गुंडाळली.

"तुमच्या हातानं पाणी बाटते, असं मी तुमाले कोणत्या तोंडानं सांगू सर? ज्याच्या आज्याच्या हातानं गावची विहीर बाटत होती, तो मी?"

आपण ज्याला लपवाछपवी म्हणत होतो ती पोराची भीड होती, हे भगवानरावांना आता कळलं. आतून हाक आली तेव्हा ते आधी शिरले आणि खुर्चीवर न बसताच त्यांनी आपलं पत्र परत मागितलं. प्राचार्यांनी कारण विचारलं.

"नमुना बाटला होता," भगवानराव म्हणाले. "माझ्या हातानं."