पुंजाजीचा दुपट्टा

बसस्थानकासमोरच्या टपरीवर मी चहा घेत होतो, तेव्हा एका अनोळखी माणसाने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सर, एकदम बरोबर बोलले तुमी. पोरींच्या हातात मोबाईल नाहीच पाह्यजे. कोणीतरी बोलाले पाह्यजे होतं."

तो माझी दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत करतो आहे, असं मला वाटलं. "मी कधी बोललो असं?"

"व्हिडिओ पाह्यला ना. सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला." त्याने टपरीवाल्याला माझ्या चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत आणि मोटारसायकलला किक मारून तो गेला.

घरी आलो तर माझी बायको तारा दारातच उभी होती. तिच्या अकोल्याच्या बहिणीने व्हिडिओ पाठवला होता आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

"आधी बसा," तारा म्हणाली, "मग पाहा."

पडद्यावर मीच होतो. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला, बोट उगारलेलं. "पोरीले मोबाईल देणं म्हंजे घराले मागचं दार पाडणं. बाप समोर खाटेवर बसून राह्यते, अन् मागून कोण येऊन राहिलं, कोण जाऊन राहिलं, त्याले पत्ताच नाही. गावानं ठराव केला तर काय वाईट केलं? कायदा मुंबईत होते, पण लाज गावात जाते."

तिथे चित्र थांबलं आणि माझ्या जागी एक ओळखीचा चेहरा आला. केयूर. चांगला कोट, मागे कायद्याच्या पुस्तकांची भिंत. "हे एक निवृत्त शिक्षक आहेत," तो शांतपणे म्हणाला. "नाव घेत नाही. पण विचार करा, अशा माणसांनी आपल्या पिढ्या घडवल्या."

तारा माझ्याकडे बघत होती. "अहो, हा तर आपला केयूर."

"हो."

"पण त्याला तर माहीत आहे."

त्याला माहीत होतं. आमच्या तिवस्यात सगळ्यात जास्त माहीत असेल तर त्यालाच.

दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी मुलांना वादविवाद शिकवतो. निवृत्तीच्या आधीपासून शिकवत आलो आहे. तिथला नियम एकच. जी बाजू पटत नाही, ती आधी मांडायची. आणि नीट मांडायची, समोरच्याला घाम फुटेल इतकी. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, मग त्यांना त्यातली मजा कळते. पण काही बाजू अशा असतात की मुलांच्या तोंडी द्यायला जीव होत नाही. त्या मी स्वतः घेतो. एका उन्हाळ्यात मी उन्हातून आल्यावर डोक्याचा दुपट्टा न सोडताच बोलायला उभा राहिलो. हुंडा कसा योग्य आहे ते मी सांगू लागलो. तेव्हा सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही आत्ता सर नाहीच. तुम्ही कोणीतरी पुंजाजी आहात." खोली हसली आणि नाव चिकटलं. तेव्हापासून दुपट्टा बांधला की मी पुंजाजी. हेकट, बोलायला पक्का, कोणाचं न ऐकणारा. मुलं त्याच्यावर तुटून पडतात. शेवटी मी दुपट्टा सोडतो, घडी करून टेबलावर ठेवतो आणि मग पुंजाजी कुठे चुकला ते सगळे मिळून शोधतो.

तो सहावीतला मुलगा केयूर होता.

मागच्या थंडीत तो अमरावतीहून मुद्दाम क्लासला आला होता. आता तो वकील आहे. मोबाईल, कायदा, समाज अशा विषयांवर इंटरनेटवर वाद घालतो, आणि त्याला ऐकणारे पुष्कळ आहेत. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. त्या दिवशी विषय होता एका गावाचा ठराव, मुलींना मोबाईल न देण्याचा. मी दुपट्टा बांधला. केयूर मागच्या बाकावर बसून फोन धरून होता. "आठवण म्हणून, सर," तो म्हणाला होता. मला बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी पुंजाजीला प्रणालीने आडवं केलं. ती अकरावीत, बाजूच्या गावातून सायकलने येते. ती उठली आणि म्हणाली, "काका, आमच्या वावरात नाल्याकडून रानडुकरं येते. बाबानं तिकडं झटक्याची तार लावली. आईले घरी नाही बसवलं. निंदणाले आई पाह्यजेच असते. मंग गावाले एवढं समजत नाही का, तार डुकराले लावाची असते, निंदणाऱ्या बाईले नाही?" खोलीने टाळ्या वाजवल्या. मी दुपट्टा सोडला आणि सांगितलं की पुंजाजीजवळ याला उत्तर नाही.

आता केयूरचा व्हिडिओ पुढे चालू होता. तो पुस्तकांच्या भिंतीसमोर बसून सांगत होता, "शेतात नाल्याकडून रानडुकरं येतात. शेतकरी काय करतो? डुकरांसाठी झटक्याची तार लावतो. निंदणाऱ्या बाईला घरी बसवत नाही."

"हे कोणाचं आहे?" तारा म्हणाली. तिचं माहेर खेड्यातलं, सासरही. "याला निंदण माहीत आहे?"

व्हिडिओखाली लोक भांडत होते. अर्धे मला शिव्या देत होते. ते एक वेळ सोसलं असतं. बाकीचे मला नमस्कार करत होते.

रविवारी प्रणाली आली नाही. तिची मैत्रीण आकांक्षा दप्तर मांडीवर घेऊन खिडकीजवळ बसली होती, वर बघत नव्हती.

"काय झालं?"

"सर, तिच्या बाबांनं फोन घेऊन घेतला. कपाटात ठेवला, कुलूप लावलं. तुमचा व्हिडिओ पाह्यला त्यायनं."

"पण तिने सांगितलं नाही का, ते पुंजाजीचं होतं?"

"सांगतलं ना. ते म्हणते, तुह्या सराचं तोंड मले ओळखू येते." मग हळूच म्हणाली, "तिचे सगळे लेक्चर फोनवरच राह्यतात, सर. परीक्षेचा फॉर्मही त्याच्यातच हाये."

सोमवारी मी अमरावतीची गाडी पकडली.

केयूरचं ऑफिस राजापेठेत आहे. पुस्तकांची भिंत खरीच होती. तिच्यासमोर गोल दिवा आणि फोन अडकवायची काठी उभी होती. तो उठला, पायाला हात लावला, चहा सांगितला.

"सर, मी फोन करणारच होतो. तुमचं नाव घेतलं नाही मी, बघितलं ना?"

"तोंड दाखवलंस."

"पण नाव नाही." तो हसला, मग हसू आवरलं. "सर, भूमिका तुमच्याच बाजूची आहे. मी मुलींच्याच बाजूने बोललो. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे लोकांपर्यंत गेलं. आजवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ आहे तो."

"मग तुझी भूमिका तू मांडायची होतीस. पुंजाजीला कशाला नेलंस?"

"सर, नुसतं बोलून कोणी ऐकत नाही आजकाल. समोर कोणीतरी लागतो. आणि तुम्हीच शिकवलंत ना, विरोधक तगडा पाहिजे. पुंजाजीइतका तगडा मला कोण मिळणार होता?"

हे तो मला चिडवण्यासाठी म्हणत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मी दुपट्टा सोडतो, तेवढंच तू कापलंस."

त्याने गोल दिव्याची वायर सरळ केली.

"त्या मुलीचं बोलणं स्वतःच्या तोंडी घातलंस. रानडुकराचं."

"उदाहरण कोणाच्या मालकीचं नसतं, सर. कायद्याने तर नाहीच."

"मी तुला कायदा विचारत नाही, केयूर."

चहा आला. चहा आणणारा पोऱ्या जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग मी त्याला प्रणालीच्या फोनचं सांगितलं, कपाटाचं आणि कुलपाचं. तो अस्वस्थ झाला. डोळे खाली गेले, आणि क्षणभर मला सहावीतला मुलगा दिसला.

"पूर्ण व्हिडिओ टाक," मी म्हणालो. "सुरुवातीपासून माझ्या दुपट्ट्याची घडी होईपर्यंत. तिच्या नावासकट. दुसरं काही नको."

"पुढच्या आठवड्यात अकोल्याला परिसंवाद आहे, सर. याच व्हिडिओमुळे बोलावलंय. आत्ता मीच म्हटलं की ते शिक्षक नाटक करत होते, तर उद्या माझ्या कोणत्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील? परिसंवाद होऊ द्या. मग बघतो."

"तोपर्यंत निदान मला दे. तिच्या बापाला दाखवतो."

"पूर्ण रेकॉर्डिंग काढून टाकलं मी. फोनमध्ये जागा नव्हती."

खरं की खोटं, मला कळलं नाही. इतकी वर्षं त्याचं तोंड पाहून मला कळायचं. तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काकूंना नमस्कार सांगा."

मी तो निरोप ताराला दिला नाही.

मी प्रणालीच्या गावी गेलो, तेव्हा तिचे वडील जानराव ओसरीवर बसून फवारणीचा पंप उघडून साफ करत होते. मला पाहून उठले. प्रणालीच्या आईने, आशाबाईंनी, पाणी आणलं. प्रणाली आतल्या दाराशी उभी राहिली, भिंतीला टेकून.

"या सर. तुमचं ऐकलं आपण," जानराव म्हणाले. "मनातलं बोलले."

"जानरावभाऊ, ते माझं मत नाही. पोरांना उत्तर देता यावं म्हणून मी तसं बोलतो. दुपट्टा बांधून."

"पोरगी सांगत होती. पण सर, एक इचारू का? बोलणं तर खरं लागलं ना मले. मत तुमचं असो नाहीतर कोणाचं. मागचं दार म्हटलं तुमी. रातभर मले तेच दिसून राहिलं."

 पुंजाजी इतका चांगला बोलला होता की मी त्याच्यापुढे कमी पडत होतो.

"पुंजाजीचं ऐकलं, तर त्याला दिलेलं उत्तरही ऐका," मी म्हणालो.

"ऐकलं ना. त्या वकिलाचं. चांगलं बोलते, पण त्याले काय ठाऊक? कोटवाला माणूस."

"ते वकिलाचं नाही. प्रणालीचं आहे."

जानराव हसले. "सर, आता मलेच शिकवता का? माह्या डोळ्यानं त्याले बोलताना पाह्यलं."

मी दाराकडे पाहिलं. "प्रणाली, सांग बरं एकदा."

"नाही सर." ती जागची हलली नाही. "मी बोलली की कोणी दुसराच घेऊन जाते."

 जानरावांनी पंपाचं नोझल फडक्याने पुसलं, तोंडात धरून फुंकलं. मग हात थांबला.

"तो वकील नाल्याकडून म्हणला," ते स्वतःशीच म्हणाले. "डुक्कर नाल्याकडून येते म्हणला."

"हो," मी म्हणालो.

"सगळ्यायच्या वावरात जंगलाकडून येते. नाल्याकडून आपल्याच वावरात येते." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तार मी लावली ते तूनं सांगतलं का तिथं? आईचं निंदणाचंही?"

"हो, बाबा."

"सगळ्यायसमोर?"

"हो."

जानरावांनी नोझल खाली ठेवलं. मग उठले, आत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी फोन तिच्या हातात दिला. आशाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं, काम झालं.

"बसा सर," जानराव म्हणाले. "फोन दिला मी. पण तुमच्या क्लासले नाही पाठवणार तिले."

"का, भाऊ?"

"माह्या पोरीचं बोलणं तुमच्या क्लासातून उचलून नेलं. नेणारा तुमचाच होता, अन् तुमी त्याले बसाले जागा दिली. माह्या वावरातून माल गेला तर मी धुऱ्यावरची वाट मोकळी ठेवतो का?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. समोरच्याचा मुद्दा बरोबर असेल तर मान्य करायचा, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. मी मान हलवली आणि चहा घेतला.

परिसंवाद झाला. पेपरात फोटो आला, केयूर मध्यभागी. पूर्ण व्हिडिओ आला नाही, त्याचा फोनही आला नाही. रविवारी मुलांनी विषय मागितला. मी साधा विषय दिला, बाजू वाटल्या. दुपट्टा खुंटीवरच राहिला. कोणी मागितला नाही.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. प्रणाली होती.

"सर, मी केयूरदादाच्या व्हिडिओखाली लिवलं. फक्त एवढंच, की हे मी बोलली होती तिवस्याच्या क्लासात. खाली माहं नाव लिवलं."

"मग?"

"त्यायनं काढून टाकलं. अन् मले ब्लॉक केलं."

 इतके दिवस मनात कुठेतरी मी त्याची बाजू मांडत होतो. घाई झाली असेल, नाव मिळवायचं वय आहे, परिसंवाद झाला की करेल. पटत नसलेली बाजू मांडायची सवयच आहे मला. आता ती बाजूही संपली.

"सर, आहे का तुमी?"

"आहे, बाई."

"पुंजाजीकाकाले द्या ना फोन."

खुंटीवरचा दुपट्टा मला बसल्या जागेवरून दिसत होता. ताराने तो धुऊन, घडी करून अडकवला होता.

"पुंजाजी नाही घरी," मी म्हणालो.

"कुठं गेला?"

"अमरावतीले."

 पलीकडे, तिच्या मागे कुठेतरी जानराव बैलाला हाक मारत होते.

"मंग वापस आणा त्याले," ती म्हणाली. "माहं बोलणं बाकी हाये."