चौथं चाक

बारकीला घरात बारकी म्हणत असले, तरी ती बत्तीस वर्षांची होती, उंचीने बापाच्या कानाला लागत होती आणि चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायच्या यंत्रांवर तिच्या हाताखाली पाच माणसं होती. भिंगाच्या कडेला केसाएवढा चरा असला, तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही. ही नजर कारखान्यात पगार देते आणि घरात ताप देते, असं तिची आई म्हणायची. भाजीत मीठ जास्त झालं तर ते चुकून पडलं की मुद्दाम, असं विचारणारी मुलगी ही. तिचं लग्न का जमलं नाही याचं कोडं नातेवाइकांना होतं, आईला नव्हतं.

अशा मुलीने जुनी गाडी घ्यावी हाच मुळात विनोद. आणि घेतली तीही साधीसुधी नाही. तीन दारांची, आखूड बुडाची हॅचबॅक, जिच्या एवढ्याशा अंगात कंपनीने दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबलेलं. कॉलेजात असताना अशी एखादी गाडी शेजारून सुसाट गेली की बारकी मान वळवून बघायची. मान वळवून बघावीत अशी मुलंही तेव्हा आसपास होती म्हणे, पण त्यांच्याकडे बघायचं राहून गेलं.

गाडी विकणारा जिममध्ये शिकवायचा. दंड मांडीएवढे, बोलणं लोण्यासारखं, आणि किंमत इतकी कमी की बारकीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. का विकतोस, तर म्हणे जुळी झाली, आता तीन दारांत संसार मावत नाही. बारकीने प्रत्यक्ष जुळी बघितल्याशिवाय कागदांवर सही केली नाही. जिमवाल्याने बिचाऱ्याने दोन्ही पोरं आतून आणून दाखवली. तरी परतीच्या वाटेवर ती बाबांना म्हणालीच, की इंजिन जरा जास्तच धुतलेलं दिसतंय, कुठेतरी पाणी मुरतंय.

घाई तिलाही होती. कारखान्याच्या मालकाने दुसऱ्या गावात, हायवेपासून बरंच आत, नवीन शाखा काढली होती आणि तिथली प्रमुख म्हणून तिला नेमलं होतं. गाव तीन तासांवर, मध्ये मोठा घाट, आणि शाखा अशा आडबाजूला की तिथवर बस जात नव्हती. गाडीशिवाय ते काम होणारच नव्हतं. मालकाने तिच्या विनंतीवरून तारीख एकदा पंधरा दिवस पुढे ढकलली आणि स्वच्छ सांगितलं, या सोमवारी नाही आलीस तर दुसऱ्याला पाठवतो. बारा वर्षं धूळ खाऊन मिळालेली खुर्ची होती ती. बारकीला ती हातची घालवायची नव्हती.

बाबांबद्दल सांगायचं तर त्यांनी छत्तीस वर्षं लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत ते हळूहळू मुके होत चालले होते. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण विचारणार कोण आणि काय? लिफ्टबद्दल तर घरात कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

गाडी आली आणि माणूस बदलला. घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमधलं भंगार त्यांनी एका दिवसात उपसलं, भिंतीवर खिळे ठोकून पाने आकाराप्रमाणे लावले, आणि बारकी कामावरून यायच्या आत कपडे बदलून तयार राहू लागले. इंजिनाचे कुजलेले रबर बदलले. स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक बसवल्या, त्यामुळे गाडी जमिनीला चार बोटं जवळ आली आणि वळणावर डुलायची थांबली. ब्रेकच्या जुन्या चकत्या काढून मोठ्या गाडीच्या मोठ्या चकत्या चढवल्या. बारकी विचारायची, बाबा, हे कसं काढायचं, आणि बाबा आधी तिला करू द्यायचे, मग म्हणायचे, दे इकडे, मी करतो. आई खिडकीतून म्हणाली, की लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढं बोलताना ह्यांना मी पहिल्यांदा ऐकतेय.

आणि मग गाडी त्रास द्यायला लागली.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तर इंजिनाने हूं की चूं केलं नाही. बाबांनी दहा मिनिटांत शोधून काढलं, बॅटरीची एक वायर ढिली होती. पुढच्या आठवड्यात पिवळा दिवा पेटला आणि इंजिन धापा टाकायला लागलं. बाबांनी बॉनेटखाली हात घातला आणि कुठल्याशा सेन्सरचा निसटलेला सॉकेट परत दाबून बसवला. त्यानंतर हॉर्न मेला. प्रत्येक वेळी गाडी पुरी व्हायची तारीख दोन दिवस, चार दिवस पुढे गेली, कारण एक बिघाड निघाला की बाबा म्हणायचे, आता सगळंच तपासून घेऊ, घाटात बंद पडली तर काय करशील.

बारकीचा संशय सरळ जिमवाल्यावर गेला. त्याने रोगट गाडी गळ्यात मारली, वरून रंगसफेदी करून. एका संध्याकाळी ती तडक त्याच्या जिममध्ये गेली आणि वजनं उचलणाऱ्या दहा-बारा लोकांसमोर तिने त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे ऐकत राहिला. म्हणाला, माझ्याकडे सहा वर्षांत एकदाही बंद पडली नाही, पण तुमचं समाधान नसेल तर मी गाडी परत घेतो. झालं. विकलेली गाडी जो माणूस परत घ्यायला निघतो त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच, हे बारकीने घरी येईपर्यंत पक्कं करून टाकलं होतं. तिने परत दिली नाही.

शनिवार उजाडला. परवा निघायचं होतं. बाबा डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. बारकीने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, फिरत राहिलं, पेटलं मात्र नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आता रडावं की गाडीला लाथ घालावी, असा प्रश्न होता. तिने दोन्ही केलं नाही, कारण रागावली की तिचं डोकं उलट थंड चालायचं. ती शेडमधल्या स्टुलावर बसली आणि तिने पहिल्यापासूनचे बिघाड आठवले. एक गोष्ट तिला पहिल्यांदाच दिसली. गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. ती चाचणीसाठी गाडी दूरवर नेऊन आली होती, पावसात नेली होती, चढावर नेली होती. जे काही झालं ते दारात उभ्या गाडीला झालं होतं. जिमवाला काही रोज येऊन तिच्या दारात उभा राहत नव्हता.

पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असतो हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. तिने सीट उचलली, झाकण काढलं. पंपाला जाणारी वायर तुटलेली होती. म्हणजे तुटलेली नव्हती, कापलेली होती. कापलेली दोन्ही टोकं मागे दुमडून, एकेकावर वेगळी काळी नळी चढवून, ती गरम करून घट्ट बसवलेली, जेणेकरून उघडी तार कुठेही टेकू नये. दोन्ही टोकांवर पांढऱ्या प्लॅस्टिकची एकेक बारीक रिंग होती आणि दोन्हींवर एकच आकडा होता. पुढे कुणी ही वायर जोडायला आलं तर त्याने कुठलं टोक कुठे जोडायचं यात चुकू नये म्हणून.

बारकी बराच वेळ त्या रिंगांकडे बघत राहिली. गाडी बिघडवणारा माणूस वायर ओढून तोडतो. बिघडवतानाही पुढच्या मिस्त्रीची काळजी घेणारा माणूस जगात तिला एकच माहीत होता.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळे बिघाड ते दहा मिनिटांत कसे शोधायचे ते आता कळलं. ज्याने लपवलं त्याला शोधायला वेळ कशाला लागेल? आणि आपण त्या जुळ्यांच्या बापाला दहा लोकांत नको नको ते बोललो, हे आठवून तिचे कान गरम झाले.

बाबा आले तेव्हा सीट बाहेर काढून ठेवलेली होती. त्यांनी सीट बघितली, झाकण बघितलं, आणि ते दारातच थांबले.

"हे तुम्ही केलंत," ती म्हणाली.

बाबांनी नाही म्हटलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"का?"

"गाडी झाली की तू जाणार," ते म्हणाले. "जा. जायलाच हवं. पण मग मी या शेडमध्ये कशाला येऊ? म्हटलं, अजून एक रविवार मिळाला तर बघावं. मग अजून एक."

तिला त्यांची इतकी कीव आली आणि इतका राग आला, की कुठलं आधी बोलावं हे सुचेना. माझी बारा वर्षं, ती म्हणणार होती. त्याऐवजी तोंडातून दुसरंच निघालं. गेल्या रविवारी ती ऑइल आणायला गेली असताना ब्रेक पुरे करायचं काम बाबांनी एकट्याने केलं होतं, हे तिला आठवलं होतं.

"ब्रेकला काय केलंत?"

बाबांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

"ब्रेकला? मी?" ते म्हणाले. "पोरी, छत्तीस वर्षं लोक माझ्या दोरावर लटकत होते."

"मला बघायचंय."

बाबांनी स्वतःच कोपऱ्यातला जॅक आणला आणि मागच्या डाव्या चाकाशी लावला. बारकीने चाक उतरवलं. ब्रेक धरून ठेवणारे दोन बोल्ट होते. ते किती आवळले आहेत हे मापणारा पाना तिने लावून बघितला. पान्याने लगेच खटका दिला. दोन्ही बोल्ट मापात होते आणि दोन्हींवर बाबांनी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती. आवळून झालं की रेघ, ही त्यांची कामावरची सवय. मागचं उजवं चाकही तसंच. पुढचं डावंही तसंच. बाबा प्रत्येक वेळी लागेल तो पाना न मागता तिच्या हातात देत होते आणि बाजूला बघत होते.

तिसऱ्या चाकानंतर बारकीला स्वतःची लाज वाटली. आपण बापाच्या हाताचं काम तपासतोय, आणि तेही त्यांच्याच हाताने पाने घेऊन. ती उठली आणि म्हणाली, पुरे, बाबा.

"चौथंही काढ," बाबा म्हणाले.

"नको. बघितलं मी."

"घाटात उतरताना तुझ्या मनात येईल. तुला मी ओळखतो. काढ."

तिने चौथं चाक काढलं. वरचा बोल्ट मापात होता, रेघ होती. खालच्यावर रेघ नव्हती. तिने पाना लावायच्या आधी नुसतं बोट लावलं आणि बोल्ट फिरला.

गेल्या रविवारी ती परत आली तेव्हा बाबा जेवायला पाटावर बसलेले होते. आई सांगत होती, की चारदा हाक मारली तेव्हा कुठे हातातलं टाकून आले. बारकीला ते आठवलं. बाबांनाही आठवत असावं. त्यांनी खाली वाकून हात पुढे केला, तो बोल्ट बोटाने फिरवून बघितला, मग उलटा फिरवून बघितला. त्यांचे ओठ हलत होते. वरच्या बोल्टावरच्या रेघेवर त्यांनी अंगठा ठेवला, मग खालच्यावर, जणू तिथेही रेघ असेल आणि आपल्यालाच दिसत नसेल. मग ते उठून उभे राहिले.

"हाही मीच सैल ठेवला," ते म्हणाले. "मुद्दाम. खडखड झाली असती, तर तू गाडी परत आणली असतीस."

सहा आठवडे बारकीने कुणावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. यावरही तिचा विश्वास बसला नाही. आपण विसरलो, आपल्या हातून राहिलं, हे म्हणण्यापेक्षा त्या माणसाला पोरीच्या जिवाशी खेळणारा बाप ठरलेलं परवडत होतं. ते खरंच मुद्दाम केलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग तिने पाना खाली ठेवला आणि बाबांना रागवायला सुरुवात केली. जन्मात कधी रागावली नव्हती इतकी. ब्रेकशी खेळ करता, लाज कशी वाटली नाही, मी घाटात गेले असते म्हणजे, असं ती मोठमोठ्याने बोलत राहिली. आवाज ऐकून आई हात पुसत बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"ह्यांनी ब्रेकचा बोल्ट मुद्दाम ढिला ठेवला होता," बारकी म्हणाली. "मुद्दाम."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं. मग आईनेही त्यांच्यावर घ्यायचं तेवढं तोंडसुख घेतलं. बाबा दोघींचं मुकाट्याने ऐकून घेत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू थोडा रंग परत येत होता.

आई आत गेल्यावर बारकी खाली बसली. तिने तो बोल्ट खटका वाजेपर्यंत आवळला, त्यावर रेघ ओढली, पंपाची वायर आकड्याला आकडा लावून जोडली. मग पुन्हा पहिल्या चाकापासून गाडीचा एकेक बोल्ट तपासायला घेतला. दुपार टळून गेली. बाबा तिच्या पाठीमागे उभे होते. त्यांनी एकदाही दे इकडे, मी करतो, असं म्हटलं नाही.