शिंगे कापलेला घोडा

मी एक जुना घोडा आहे. घोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आले असेल ते लगेच पुसून टाका, मित्रांनो. मी लाकडाचा आहे, मला चाके आहेत, आणि माझ्या पाठीवर एकामागे एक असे दोन पुरुष बसत. एकट्या माणसाला घेऊन मी कधी चाललो नाही, तसा नियमच होता. दोघेही चांगले खाऊन-पिऊन असत. त्यामुळे इतक्या वर्षांनी माझी पाठ किती दुखत असेल ते तुम्हीच बघा. सध्या मी ओहायोमधल्या मर्टन्सव्हिल गावात एका मोटारीच्या शेडमध्ये, गवत कापण्याच्या यंत्राशेजारी उभा आहे. माझ्याकडे भरपूर वेळ आहे. तुमच्याकडे थोडा असेल तर ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे मी जन्माने घोडा नाही. मी बोकड आहे.

लाज वाटायचे दिवस गेले, म्हणून सांगतो. इलिनॉयमधल्या एका कारखान्यात लॉजसाठी लागणारे सामान तयार होई. लॉज म्हणजे तुमच्याकडे खोल्या भाड्याने देतात ते नव्हे. इथे गावातले पुरुष मिळून एक मंडळ काढतात, एकमेकांना बंधू म्हणतात, महिन्यातून एकदा झगे घालून, तलवारी लटकावून जमतात आणि बायकांना कळता कामा नयेत अशा गुप्त गोष्टी करतात. बायकांना त्या सगळ्या माहीत असतात. अशा बऱ्याच मंडळांत नव्या माणसाला चाकांच्या बोकडावर बसवून त्याची फजिती करायची पद्धत होती, म्हणून कारखान्यात बोकडांना मोठी मागणी. मर्टन्सव्हिलच्या मंडळाने मात्र घोडा मागवला होता. खोके उघडले तर आत मी. वाकडी शिंगे, हनुवटीला दाढी, पिवळे डोळे.

परत पाठवायला वेळ नव्हता, उद्घाटन तोंडावर आले होते. शवपेट्या करणारा ॲबनर स्ट्राउड हा सुतार मंडळात होता. त्याने दार लावून घेतले, माझी शिंगे करवतीने कापली, दाढी उतरवली, मानेत अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा घालून ती लांब केली, घोडीच्या शेपटीचे खरे केस आयाळ म्हणून चिकटवले आणि मला पांढरा रंग दिला. माझे एक चाक स्वाराला दचके बसावेत म्हणून कारखान्यातच तिरके बसवलेले होते. ते काही त्याला सरळ करता आले नाही. म्हणून मी आयुष्यभर उचकी लागल्यासारखा चालत आलो. ॲबनरने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि स्वतःच्या हातच्या पेटीतून तो गेला. गुपित माझ्याकडे राहिले.

आमच्या मंडळाचे नाव 'एका खोगिराचे सरदार'. हे नाव का, ते मी झोपेतही सांगेन, कारण ते भाषण दर महिन्याला व्हायचे. फार पूर्वी जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंना लुटारू गाठत. तेव्हा काही सरदारांनी शपथ घेतली की आपण यांची राखण करू आणि स्वतः गरीब राहू. इतके गरीब, की दोघांत एक घोडा. त्यांच्या शिक्क्यावर तसेच चित्र होते, एका घोड्यावर दोन स्वार. पुढे त्यांचे किल्ले झाले, जमिनी झाल्या, गरिबी तेवढी शिक्क्यावर उरली. मग फ्रान्सच्या राजाची नजर फिरली. एका शुक्रवारी पहाटे सगळ्यांना धरले आणि काही वर्षांनी त्यांच्या प्रमुखाला पॅरिसमध्ये, नदीतल्या बेटावर, जिवंत जाळले. इथे भाषण करणारा थांबे, घोटभर पाणी पिई आणि हळू आवाजात म्हणे, "पण बंधूंनो, काही सरदार निसटले. त्यांचीच ज्योत हातोहाती मर्टन्सव्हिलपर्यंत आली." त्यांच्या लढायांत घोडे किती मेले, ते मात्र मी कुठल्याच भाषणात ऐकले नाही. जाऊ द्या.

नवा माणूस आला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला माझ्याजवळ आणत. जुना सरदार आधीच माझ्यावर बसलेला असे. तो म्हणे, "मी पुढे सरकतो, तू बस." नवा त्याच्या मागे बसे, त्याची कंबर धरी आणि शपथ घेई, की ज्याच्या पाठीशी बसलो त्याला मी कधी पायी जाऊ देणार नाही. मग बाकीचे मला सभागृहभर ओढत. मी उचक्या देई आणि वरचे दोघे पडू नये म्हणून एकमेकांना आवळून धरत. खाली उतरले की त्या दोघांतले 'तुम्ही' संपले. बँकेचा मॅनेजर असो की गोदामातला हमाल, तिथून पुढे 'तू'.

चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत मला जिन्यावरून खाली उतरवत, कारण आमचे सभागृह हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर होते. बँड वाजे, तलवारी चमकत, लोक टाळ्या पिटत. पण लॉजमध्ये बोकड असतो अशी गावात आवईच होती, म्हणून कडेची कार्टी ओरडत, "बोकड आला, बोकड आला." सरदार चिडत. मी मान ताठ ठेवी, आत मात्र धस्स होई.

सगळ्यांत जास्त चिडे तो ऑरिन हॅस्केल. पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलणारा हा गडी, पण आवाज असा की भाषण एकदा त्याच्याकडे गेले ते कायमचे. लाइल ब्रँट नावाचा पोस्टमन त्याच्यामागे माझ्यावर बसला, त्या दिवसापासून दोघांचे मेतकूट जमले. लाइलची गाडी बर्फात रुतली की ऑरिन फावडे घेऊन हजर. ऑरिनच्या घराचे छप्पर उडाले तेव्हा लाइल त्यावर चढला. शपथ कशी पाळायची हे मी त्या दोघांकडे बघून शिकलो.

मग वर्षे गेली. जिना चढवेना म्हणून एकेक बंधू यायचा थांबला, काही कायमचे गेले. माझा रंग उडाला. माझ्या मानेवर लोक ओले कोट टाकू लागले, पाठीवर छत्र्या. कुणाला वाईट म्हणत नाही, पण मी थकलो होतो.

ऑरिनही थकला. त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला आणि लायसन्स गेले. त्याची बायको वेल्मा गावाबाहेर, महामार्गालगतच्या शुश्रूषागृहात होती. ती माणसे विसरू लागली होती. ऑरिनला अजून ओळखत होती, पण एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ओळखेल याची खात्री नव्हती. म्हणून त्याला रोज जायचेच असे. लाइल त्याला रोज दुपारी आपल्या पिकअपमधून नेई. त्यावर दोघांत एक शब्दही कधी झाला नाही, शपथच तशी होती.

त्या वसंतात लाइल आपल्या बायकोबरोबर युरोपच्या सहलीला गेला. तेवढे दिवस ऑरिनला नेण्याची व्यवस्था तो आधी करून गेला होता. परत आला तो पुस्तके आणून वाचत बसला. पुढच्या सभेत कोंबडी-नूडल्स झाले, ॲपल पाय झाला, ऑरिन भाषणाला उभा राहिला आणि 'ज्योती'पर्यंत पोहोचला. तेव्हा लाइल उठला.

"ऑरिन, ते शेवटचं गाळ ना जरा."

"कुठलं?"

"ज्योत-बीत. मी त्या बेटावर जाऊन आलो. गाईडला आपल्या मंडळाची ही अंगठी दाखवली, म्हटलं, आम्ही त्यांचेच वारस. हसला रे तो. भला माणूस, तोंड फिरवून हसला. मग मी घरी येऊन वाचून काढलं. ते सगळे तिथेच संपले. आपली ही मंडळं कुणीतरी कित्येक शतकांनी डोक्यातून काढली. आणि त्यांच्याही आधी ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेम घेतलं, त्या दिवशी आतली बायकापोरं कापली, ते आपण कधी सांगितलंय?"

सगळे आपापली कॉफी चमच्याने ढवळू लागले. ऑरिनने ग्लास खाली ठेवला.

"झालं तुमचं बोलून?"

'तुमचं' ऐकताच चमचे थांबले. माझ्यासमोर असे कधी घडले नव्हते.

"मग शपथही खोटीच की, ब्रँटसाहेब. त्यांच्याच नावाने घेतली होती ना? सुटलात तुम्ही. उद्यापासून गाडी आणू नका."

"अरे, मी गाडीचं कुठे काढलं?"

"मी काढतोय."

खरे सांगू, मला लाइलचा राग आला नाही. भीती वाटली. खरे-खोटे करायला निघालेला माणूस कधीतरी माझ्या आयाळीतही हात घालेल, असे वाटले.

पुढचे मला डोर्ला फिंचच्या तोंडून कळले. ही आमच्या स्वयंपाकघराची मुख्य, हाताने बशा रचत असे आणि तोंडाने माणसे सोलत असे. एक दिवस तिने लाइलला कोपऱ्यात गाठले.

"काल हायवेच्या कडेने चालला होता तुझा सरदार. हातात काय, तर झाडूचा दांडा. ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि हा टोपी काढून त्याला रामराम करतोय."

"मी असतो मागे," लाइल म्हणाला. "रोज हळूहळू गाडी घेऊन जातो. दार उघडून हाक मारतो. बसत नाही तो."

"सगळं गाव बघतंय. पुढे आंधळा, मागे गाडी. तुम्हा दोघांच्या टाळक्यात भुसा भरलाय नुसता. आणि बर्फ पडायला लागला की? तेव्हा त्या वेल्माकडे कोण जाणार, तुझी पुस्तकं?"

 लाइल माझ्या मानेवरचा कोट उचलून निघून गेला.

थंडी पडता पडता मंडळ बंद करायचे ठरले. हात वर करायलाही फार जण उरले नव्हते. खाली दुकानाच्या नव्या मालकाला वरचा मजला हवा होता. शेवटच्या शनिवारी दुपारी खुर्च्या गेल्या, पडदे गेले, झगे खोक्यात गेले. उरलो मी, लाइल आणि स्वयंपाकघरात डोर्ला. मग जिन्यावर दांड्याची टकटक ऐकू आली. ऑरिन एकटाच भिंत चाचपत वर येत होता.

"घोडा कुठे आहे?" त्याने हवेला विचारले.

"तुझ्या डाव्या हाताला," लाइल म्हणाला.

"मी ब्रँटसाहेबांना विचारलं नव्हतं."

तो माझ्याजवळ आला. इतकी वर्षे तो माझ्यावर बसला होता, पण समोर बघत. आता दिसत नसल्यामुळे त्याने मला पहिल्यांदाच हाताने पाहिले. नाक, पिवळे डोळे, कपाळ. मग त्याची बोटे आयाळीत शिरली आणि थांबली.

"इथे काय आहे?"

लाइलने पुढे येऊन केस बाजूला केले. मला वाटले, संपले सगळे.

"शिंगं," लाइल म्हणाला. "कापलेली शिंगं आहेत ही."

"घोड्याला?"

लाइलने मला आडवे केले. पोटाखालचा रंग केव्हाच पोपडे होऊन गळला होता आणि कारखान्याने डागून उमटवलेली अक्षरे उघडी पडली होती.

"लिहिलंय काहीतरी," लाइल म्हणाला, पण वाचून दाखवेना. एकदा खरे सांगून जे झाले होते, ते त्याला पुरे झाले होते.

"वाचा की."

"उसळणारा बोकड. मोठा आकार."

 दारातून डोर्लाचा आवाज आला. "मग काय वाटलं होतं तुम्हाला? दर वसंतात आम्ही बायका त्याला पुसतो. शिंगं हाताला लागतातच. वेल्माने सगळ्यात आधी बघितलं. म्हणाली, गप्प बसा गं, यांचा जीव आहे त्या घोड्यात."

म्हणजे माझे गुपित माझे नव्हतेच. ज्या बायका दर वर्षी कोमट पाण्याने माझी मान पुसत, त्यांनी ते सांभाळले होते. मित्रांनो, मला त्या क्षणी फार हलके वाटले.

ऑरिन माझ्याशेजारी जमिनीवर बसला. त्याचा हात माझ्या कापलेल्या शिंगावर होता.

"म्हणजे मिरवणुकीतली ती कार्टी बरोबर होती."

"होती," लाइल म्हणाला.

"आणि मी तलवार घेऊन त्यांच्या मागे धावलो."

"एकाच्या तर घरात शिरला होतास. त्याच्या आईने लिंबू सरबत देऊन परत पाठवलं."

ऑरिनच्या गालाची सुरकुती हलली. मग त्याने विचारले, "मग त्या दिवशी तू माझ्यामागे बसलास, ते कशावर रे?"

"मला काय माहीत? डोळ्यांवर पट्टी होती. तुझी कंबर धरली होती, तेवढं आठवतंय."

ऑरिनने हात वर केला. लाइलने आपला खांदा त्याखाली दिला आणि त्याला उठवले.

"वेल्मा खिडकीशी येऊन बसली असेल," ऑरिन म्हणाला. "गाडी कुठे लावलीयेस?"

"खाली, दारात. रोज तुझ्या दारात असते तशीच."

त्यांनी मलाही पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवले. मी त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाठीवर बसलो. शुश्रूषागृहाच्या अंगणात गाडी थांबली. वेल्मा काचेआड होती. तिने आधी वाऱ्याने आयाळ उडून उघड्या पडलेल्या माझ्या शिंगांकडे पाहिले, मग लाइलचा हात धरून आत येणाऱ्या ऑरिनकडे. खिडकी जराशी उघडी होती, म्हणून तिचे बोलणे मला ऐकू आले.

"कळलं वाटतं तुला एकदाचं," ती ऑरिनला म्हणाली.

तेव्हापासून मी लाइलच्या शेडमध्ये आहे. रोज दुपारी पिकअप निघते आणि पलीकडेच, ऑरिनच्या घरापुढे थांबते. दार उघडते, ऑरिनचा आवाज येतो, "सरक जरा," आणि दार लागते. ते सरदार कुठे संपले, ज्योत आली की नाही, यावर दोघे अजून भांडतात. गाडीत बसून भांडतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून-झटकून ठेवा, असे शेवटी सांगायचा रिवाज आहे. पुसा, नाही म्हणत नाही, आयाळीत धूळ फार साचते. पण मी थकलो आहे, म्हणून एकच मागतो. रस्त्याच्या कडेने कुणी ओळखीचा पायी चाललेला दिसला, तर आधी त्याच्याशी खरे-खोटे करत बसू नका. थोडे पुढे सरका आणि त्याला बस म्हणा. पाठ दुखते, ते खोटे नाही. दुखू द्या.